प्रार्थनाच करवत नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत?

ऐरोलीची_आई

सगळ्यांना सलाम. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर. आधी रबाळ्याला एका कंपनीत सुपरवायझर होते. कंपनीने गेल्या पावसाळ्यात युनिट दुसरीकडे हलवलं आणि जुन्या लोकांना घरी बसवलं. नोकरीबरोबर कंपनीचा विमाही गेला. मुलगा बारावीला आहे. मी घरी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाउज.

दया यावी म्हणून हे लिहीत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रात्रीची कुटुंबप्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढली जायची नाहीत. आता मात्र गुडघ्यांवर बसले की डोकं कोरं होतं. "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणते आणि पुढे काहीच सुचत नाही. कधी राग येतो, बऱ्याचदा तोही येत नाही. रविवारी उपासनेला जाते, सगळे गात असतात, मी ओठ हलवते. बाहेर पडताना कुणीतरी विचारतंच, "प्रार्थना चालू आहे ना?" मी हो म्हणते.

ज्यांच्यावर असं काही गुजरलंय त्यांनी सांगा. "प्रभू सगळं ठीक करील" असं कृपा करून लिहू नका, ते मी दिवसभर ऐकते.

नगरी_लेक

ताई, माझे बाबा डायलिसिसवर होते. तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. तुमचं वाचून तो सगळा काळ डोळ्यांसमोर आला.

बाबांना सुईपेक्षा पाण्याचा त्रास जास्त व्हायचा. तुम्हाला सांगायला नको, लघवी जवळजवळ थांबलेल्या माणसाला पाणी मापून द्यावं लागतं आणि चहा, आमटी, ताक सगळं त्याच मापात. मे महिन्यात ते बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. तहान लागली असं मात्र कधी म्हणायचे नाहीत. आईला वाईट वाटेल म्हणून.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. बाबा हट्टाने आले होते. पाचव्या उद्गाराला एक तरुण मुलगा उभा राहिला. फार काही बोलता येत नव्हतं त्याला, पहिल्यांदाच बोलत असावा. "मला तहान लागली आहे" हे वाक्य त्याने वाचलं आणि बाबा हुंदके द्यायला लागले. आजूबाजूचे वळून बघायला लागले, पण त्यांना थांबवता येईना. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "त्यालाही मागावं लागलं गं."

बाबा बरे झाले नाहीत. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टींचा शेवट लोक वेगळा करून सांगतात. पण त्या दिवसापासून तहान लागली की ते बोलून दाखवायला लागले. आई चमचाभर पाणी द्यायची, दोघं थोडं हसायची. आमच्या घरात बळ आलं असं म्हणायचं तर ते इथून आलं. देवाने दुःख काढून घेतलं नाही. पण तो स्वतः क्रुसावर कोरड्या घशाने होता, हे बाबांना पटलं आणि मग त्यांना एकटं वाटलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला प्रार्थना करवत नव्हती तेव्हा मी ८८वं स्तोत्र वाचायचे. बाकी बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेची ओळ येते, त्यात ती येत नाही. अंधारावरच संपतं. ते पवित्र शास्त्रात ठेवलंय याचाच मला आधार वाटायचा.

घणसोली_प्रार्थनाघर

भगिनी, तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहे. पण एक गोष्ट प्रेमाने सांगतो. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की मागणाऱ्याने संशय न धरता मागावं. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हेही तिथेच आहे. आमच्याकडे शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. तिथे मी माणसं उठून चालताना पाहिली आहेत. मी स्वतः दारूतून असाच सुटलो. विश्वास धरून मागा, दार उघडेल. निराशेला मनात जागा देऊ नका.

ऐरोलीची_आई

भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण हे वाचून मला एवढंच ऐकू येतं की हे बरे होत नाहीत याला माझा कोरडेपणा कारण आहे. आधीच रात्री झोप लागत नाही.

जुना_सेक्रेटरी

ताई, मी ठाण्यातल्या एका मराठी मंडळीचा बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात म्हणून घरूनच वाचन चालतं. जरा सविस्तर लिहितो.

प्रथम तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. तुमच्या कोरडेपणामुळे यजमान आजारी राहिले, असं शास्त्रात कुठेही नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट आहे. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळे दारातून जाता येईना म्हणून छप्पर उकरून खाली सोडलं. पुढचं वाक्य नीट वाचा. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं आहे. खाली पडलेल्या माणसाने काही म्हटल्याची नोंद तिथे नाही. त्याला त्या दिवशी प्रार्थना करता येत होती की नाही, आपल्याला ठाऊक नाही. त्याला आणलं त्या चौघांनी.

मंडळी असते ती याचसाठी, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला करवत नसेल तेव्हा तुमच्या वतीने दुसऱ्यांनी करायची. ते करणं त्यांचं कर्तव्य आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. आणि तुम्ही रविवारी ओठ हलवता तेव्हा शेजारची बाई गाते ना, त्या वेळी ती तुमचंही गाते.

दुसरं, एलीया. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून "आता माझा जीव घे" म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. देवदूत येतो, भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो आणि उठून खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदाही तेच. त्यानंतर कुठे तो होरेब डोंगराकडे चालायला लागतो. ताई, तुम्ही शेवटचं पोटभर कधी जेवलात? सलग कधी झोपलात?

तिसरं, पंडिता रमाबाई. आपल्या सभांमध्ये त्यांचं नाव विजयाच्या सुरात घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मधलं आयुष्य बघा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, पदरात तान्ही मुलगी. ख्रिस्ती झाल्या १८८३ मध्ये, आणि त्यानंतर स्वकीयांचे शब्द झेलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला सांभाळल्या. जिला हे सगळं सोपवायचं ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी त्यानंतरही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही, ते पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मला त्यांच्या चरित्रातून दुःखावर मात करण्याची युक्ती सापडलेली नाही. रोज सकाळी त्यांच्यापुढे काम होतं, त्या ते करत गेल्या आणि ते कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक होतं, एवढं दिसतं. तुम्ही ब्लाउज शिवता, नवऱ्याला मशीनपाशी नेता, पोराचा डबा भरता. मी त्याला प्रार्थनेखेरीज दुसरं काही म्हणणार नाही.

घणसोलीच्या भावांनाही थोडं लिहायचं आहे, पण नात आली आहे. रात्री लिहितो.

डायलिसिस_नेरूळ

मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. धर्माच्या बाबतीत मी बोलणार नाही (आमचं घर सीरियन ख्रिस्ती, पण वाद नको). काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

कुणीही काहीही सांगितलं तरी सेशन चुकवायचं नाही. एक चुकलं तरी पोटॅशियम वाढतं, अंगात पाणी साचतं, श्वास लागतो, हृदय बंद पडू शकतं. "प्रार्थनेने बरे झालो" म्हणून मशीन सोडलेले रुग्ण आमच्याकडे रात्री अपरात्री येतात आणि सगळेच वेळेत पोचत नाहीत.

पैशाचं: विमा गेला म्हणालात म्हणून लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) भेटा. शिवाय धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर मुंबईच्या झेडटीसीसीच्या (दान केलेल्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या समितीच्या) प्रतीक्षा यादीत नाव लागतं, नोंदणी रुग्णालयामार्फत होते. यादी मोठी आहे, म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा.

आणि तुमच्यासाठी, ताई. डोकं कोरं, झोप नाही, राग पण नाही, ओठ हलवते, ही लक्षणं मी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांमध्ये पाहते. हा मनाचा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोन-मदतीचा, सरकारी नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन करा.

कोळीवाडा_ठाणे

जय ख्रिस्त, ताई. आम्ही ठाण्याचे कॅथलिक. आमच्यातली पद्धत वेगळी, तुम्हाला चालेल तेवढं घ्या.

मला करवत नाही तेव्हा मी स्वतःचे शब्द शोधत बसत नाही. जपमाळ घेतो. शब्द आधीच बांधलेले असतात, माझ्या आजीनेही तेच म्हटले. मन कुठेही भरकटलं तरी बोटं पुढच्या मण्यावर जातात. तुमच्यात जपमाळ नाही, पण "आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना आहेच. तेवढीच म्हणा, दिवसाला एकदा. तीही जड वाटली तर एकच ओळ.

८८व्या स्तोत्राबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्या फादर-सिस्टरांच्या नित्यप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्याआधी तेच स्तोत्र येतं. म्हणजे जगात कुठे ना कुठे दर शुक्रवारी कुणीतरी ते म्हणतंच, स्वतः सुखात असला तरी. त्या रात्री जो अंधारात आहे त्याच्यासाठी.

मदर तेरेझांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. त्या १९९७ मध्ये गेल्या आणि २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. कोलकात्यात काम सुरू केल्यानंतरची जवळजवळ सगळी वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. रोज पहाटे मिस्सा, मग रस्त्यावरची माणसं, आणि आत सगळं कोरडं. काही लोकांना ते वाचून धक्का बसला. मला उलट धीर आला. चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते ही पत्रं वाचून झाल्यावर.

तेल लावण्याबद्दल भावांनी लिहिलं. आमच्यातही तो संस्कार आहे. बरीच माणसं फादरना बोलवायला घाबरतात, वाटतं आता शेवट आला. तसं नाही. आजारपणात कधीही घेता येतो, पुन्हाही घेता येतो. माझ्या बायकोने मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेतला होता. ऑपरेशनला गेलीच ती, पण थरथर थांबली होती.

जुना_सेक्रेटरी

घणसोलीच्या भावांसाठी. तुमची साक्ष मी खरी मानतो. दारूतून माणूस सुटतो तेव्हा अख्खं घर सुटतं, ते मी माझ्या सख्ख्या भावाच्या घरी पाहिलं आहे. पण याकोबाच्या शेजारी आणखी दोन जागा वाचा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली. पुढे काय झालं? यशयाने अंजिरांची चांदकी आणायला लावून त्याच्या गळवावर बांधली. प्रार्थना ऐकली गेली आणि उपचारही झाला, एकाच प्रसंगात. दुसरी जागा पौलाची. त्याने शरीरातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास उणा होता असं तुम्ही किंवा मी म्हणू शकतो का? आणि त्याच पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

सानपाडा_उत्तर

वेगळा अनुभव लिहितो, चालेल ना. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आई गेली. ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर फोन करत होतो. आमची सगळी मंडळी झूमवर प्रार्थना करत होती. आई गेली. त्यानंतर माझा विश्वास परत आलेला नाही, आणि आला असं खोटं लिहिणार नाही.

तरी एक सांगतो. आम्ही सगळे पॉझिटिव्ह होतो, दफनाला घरचं कुणी जाऊ शकलं नाही. चर्चमधले दोघे तरुण पीपीई घालून गेले, पाळकसाहेबांनी फोनवरून विधी केला, त्यातल्या एकाने फोन कबरीशी धरला होता. मी आज चर्चला जात नाही, पण त्या दोघांपैकी कुणी मध्यरात्री हाक मारली तर जाईन. ताई, तुम्ही तिथे जाताय, ओठ हलवताय. माझ्यापेक्षा खूप पुढे आहात.

नगरी_लेक

सानपाडा, तुमच्या आईसाठी वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

शेजारीण_कळवा

मी हिंदू, आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे म्हणून वाचत होते. त्यांचा मुलगा अपघातात गेला तेव्हा त्यांच्या महिला मंडळाच्या बायका यायच्या. पहिले काही दिवस कुणी काही बोलायचंच नाही. एक जण भांडी घासायची, एक पाणी भरायची, एक त्या बाईंच्या शेजारी नुसती बसायची. मला वाटलं होतं मोठमोठ्याने भजनं होतील. ती नंतर झाली, बाईंनी स्वतः म्हटल्यावर. आता आमच्या मजल्यावर कुणाकडे वाईट घडलं की आम्हीही तसंच करतो. आधी भांडी.

जुना_सेक्रेटरी

शेजारीणताई, ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावला. ज्याने देवाशी भांडण मांडलं त्या ईयोबावर नाही.

ऐरोलीची_आई

सगळं वाचलं, दोन-तीनदा वाचलं. यजमानांनाही मशीनवर असताना वाचून दाखवलं. पाण्याची गोष्ट ऐकून त्यांनी मान फिरवली, मग म्हणाले पुन्हा वाच.

रविवारी उपासनेनंतर पाळकबाईंना सांगितलं की मला प्रार्थना येत नाही. इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मग तू नको करूस, आम्ही करतो, तू नुसती बस. बुधवारी चौघीजणी घरी आल्या. (छप्पर आमचं दुसऱ्यांचं आहे, वर तीन मजले आहेत, दारानेच आल्या.) त्या प्रार्थना करत होत्या आणि मी ब्लाउजला हुक लावत होते. रडू आलं नाही, शांतही वाटलं नाही. पण त्या गेल्यावर जेवले, आणि झोपले.

१४४१६ ला फोन केला. त्यांनी पुढे डॉक्टर गाठून दिले, गोळ्या सुरू आहेत. मुलाला सांगितलं, त्याने काही विचारलं नाही, पण हल्ली स्वतःचा डबा स्वतः भरतो. रेशन कार्डाचं काम चालू आहे, पत्ता जुना असल्यामुळे अडलंय.

सध्या अडचण आहे ती जाण्यायेण्याची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पाळी. मंगळवार-गुरुवार दीर येतात. शनिवारी त्यांची ड्यूटी असते आणि डायलिसिसनंतर यजमानांचं बीपी उतरतं, लोकलमध्ये उभं राहवत नाही. ऐरोली ते वाशी शनिवारसाठी कुणाला भरवशाचा रिक्षावाला माहीत असेल तर सांगा. भाडं देईन, फक्त रोजचा असावा.

कोळीवाडा_ठाणे

ताई, आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या विभागात) संत व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे, दोघं दोघं जण घरी भेटी देतात, औषधांना आणि प्रवासाला मदत करतात. कॅथलिक असण्याची अट नसते. तुमच्या भागातल्या पॅरिशच्या ऑफिसात विचारा, मीही फोन करून ठेवतो.

घणसोली_प्रार्थनाघर

भगिनी, मी रिक्षाच चालवतो. शनिवारची फेरी माझ्याकडे द्या, जाताना आणि येतानाही. चार तास तिथेच थांबेन. गॅसपुरते द्या, जास्त नको.

मी लिहिलं त्याने तुम्हाला लागलं, ते मनात राहिलंय. प्रार्थनेने बरं होतं हा माझा विश्वास आहे, तो मी सोडणार नाही. पण मशीन सोडा असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. गाडीत मी मनातल्या मनात करीन. तुम्ही दोघं गप्प बसलात तरी चालेल.

ऐरोलीची_आई

भाऊ, पावणेसातला सोसायटीच्या गेटवर या, पत्ता निरोपात पाठवते. येताना त्यांना गरगरतं, तेवढी रिक्षा सावकाश घ्या. खड्डे चुकवता येतील असा रस्ता तुम्हालाच जास्त ठाऊक असेल.